व्हिडिओ फाइलींची सुसंगतता

व्हिडिओ फाइलींची सुसंगतता म्हणजे एका उपकरणावर किंवा आज्ञावलीत तयार झालेली चित्रफीत दुसऱ्या उपकरणावर बिनचूक उघडण्याची, दिसण्याची आणि ऐकू येण्याची क्षमता होय. ही क्षमता नसेल तेव्हा एन्कोडिंग आज्ञावलीच्या साहाय्याने फाइलीचे रूपांतर केले जाते. हँडब्रेक आणि एफएफएमपेग या दोन मुक्त आज्ञावल्या या कामासाठी सर्वाधिक परिचित आहेत. रूपांतरानंतरही आवाज न येणे, पडदा हिरवा किंवा काळा दिसणे, ओठ आणि शब्द यांचा मेळ न बसणे, चेहरे पसरट दिसणे अशा तक्रारी कायम राहतात. अशा वेळी फाइल ‘खराब’ असतेच असे नाही. बहुधा तिच्यातील एखादाच घटक प्लेअरशी जुळत नसतो. तो घटक न शोधता पुन्हा पुन्हा रूपांतर करत राहिल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि प्रत्येक फेरीत चित्राचा दर्जा मात्र घटत जातो.

महाराष्ट्रात हा प्रश्न जुन्या कॅसेटी संगणकावर घेताना विशेष जाणवतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर हे शाहीर अनंत फंदी यांचे गाव. तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचे वास्तव्यही तेथेच होते आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन तेथेच झाले. अशा भागांत लग्ने, जत्रा, कीर्तने आणि तमाशाचे वग यांचे चित्रण आधी व्हीएचएस आणि पुढे मिनिडीव्ही कॅसेटींवर होत असे. यातल्या पुष्कळशा चित्रणाची दुसरी प्रत नसते. चुंबकीय फीत काळानुसार झिजते, आणि ती वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. त्यामुळे कॅसेट संगणकावर घेण्याची संधी अनेकदा एकदाच मिळते आणि त्या वेळी निवडलेली चुकीची सेटिंग कायमची ठरू शकते.

== कंटेनर आणि कोडेक ==

व्हिडिओ फाइलीचे दोन स्तर असतात. बाहेरच्या वेष्टनाला कंटेनर म्हणतात. चित्र, आवाज, उपशीर्षके आणि वेळेच्या नोंदी त्यात एकत्र ठेवलेल्या असतात. एव्हीआय (१९९२), एमओव्ही, एमकेव्ही, एमपी४ आणि वेबएम (२०१०) हे कंटेनर आहेत. आतील चित्र व आवाज ज्या पद्धतीने आकुंचित केलेले असतात तिला कोडेक म्हणतात. एमपेग-२, एच.२६४ (२००३), एच.२६५ (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) हे चित्राचे कोडेक होत, तर एएसी, एसी-३ आणि एएमआर हे आवाजाचे.

फाइलीच्या नावाचे शेपूट केवळ कंटेनर सांगते, आणि तेही नाव देणाऱ्याने खरे लिहिले असेल तर. डब्यावर ‘साखर’ लिहिले म्हणून आत मीठ नसेलच असे नाही. ‘ही एमपी४ आहे, तरी टीव्हीवर का चालत नाही’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे: एमपी४ या वेष्टनात जुन्या टीव्हीला कळणारा एच.२६४ असू शकतो आणि न कळणारा एच.२६५ सुद्धा. शेपूट बदलून एव्हीआयचे एमपी४ केल्याने आतले काहीच बदलत नाही.

या भेदाचा व्यवहारातला मोठा उपयोग असा, की कोडेक योग्य असून फक्त कंटेनर अडचणीचा असेल तर चित्राला हात न लावता केवळ वेष्टन बदलता येते. या क्रियेला रीमक्सिंग म्हणतात. तासाभराच्या चित्रफितीलाही तिला फार वेळ लागत नाही आणि दर्जा तसूभरही घटत नाही. एफएफएमपेगमध्ये, तसेच एमकेव्हीपुरते एमकेव्हीटूलनिक्समध्ये हे करता येते. हँडब्रेकमध्ये ते शक्य नाही, कारण ती आज्ञावली चित्र प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करते. सोपी म्हणून हँडब्रेकच सर्वत्र वापरली जाते आणि गरज नसतानाही चित्राची एक पिढी वाया जाते, हे वारंवार घडताना दिसते.

== निदान ==

रूपांतरापूर्वी मीडियाइन्फोसारख्या आज्ञावलीत किंवा व्हीएलसी प्लेअरच्या कोडेकविषयक माहितीच्या खिडकीत फाइल तपासतात. कंटेनर व कोडेक यांखेरीज प्रोफाइल, बिट-खोली, रंगांची मांडणी, फ्रेम-दर स्थिर आहे की बदलता, चित्र इंटरलेस्ड आहे काय, पिक्सेलचे गुणोत्तर, आणि आवाजाचा कोडेक या नोंदी पाहणे आवश्यक असते.

व्हीएलसी आपले डिकोडर स्वतःबरोबर आणतो, विंडोज किंवा टीव्हीवर अवलंबून राहत नाही. म्हणून एखादी फाइल व्हीएलसीत व्यवस्थित चालते पण अन्यत्र चालत नाही, तेव्हा ती फाइल बहुधा धडधाकट असते आणि अडचण समोरच्या उपकरणाची मर्यादा असते. व्हीएलसीतही तिथेच, त्याच सेकंदाला अडखळत असेल तर दोष फाइलीत शोधावा.

तीन तासांची संपूर्ण चित्रफीत रूपांतरित करून मग टीव्हीवर तपासण्याऐवजी मध्यभागाचा एक मिनिटाचा तुकडा आधी रूपांतरित करून पाहणे सोयीचे ठरते. तुकडा हालचालीचा निवडावा, उदाहरणार्थ वरात किंवा ढोलकीवरचे नृत्य. स्थिर चित्रात बरेच दोष लपून राहतात.

== चित्र न दिसणे ==

आवाज ऐकू येतो पण पडदा काळा राहतो, तेव्हा चित्राचा कोडेक किंवा त्याचा प्रकार समोरच्या उपकरणाला वाचता येत नाही असे समजावे. आयफोनमध्ये २०१७ सालच्या आयओएस ११ पासून एच.२६५ मध्ये चित्रण करण्याची सोय आली. अशा फाइली विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये वेगळे एक्स्टेन्शन घातल्याशिवाय उघडत नाहीत असे अनेकदा होते, आणि जुने टीव्ही त्या मुळीच ओळखत नाहीत.

कोडेक एच.२६४ असूनही फाइल नाकारली जाते, तेव्हा प्रोफाइलकडे पाहावे लागते. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साधे फोन सहसा ८ बिट खोलीचा आणि ४:२:० रंगमांडणीचा एच.२६४ च वाचतात. मूळ चित्रण १० बिटचे किंवा ४:२:२ चे असेल आणि एन्कोडरला स्पष्ट सूचना दिलेली नसेल, तर एफएफएमपेग तीच मांडणी पुढे नेऊ शकतो. फाइल तयार होते, संगणकावर चालते आणि टीव्हीवर नाकारली जाते. हाय प्रोफाइल, पातळी ४.१, ८ बिट व ४:२:० ही निवड १९२०×१०८० पर्यंतच्या, सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच्या चित्रासाठी बऱ्याच उपकरणांवर चालते.

अॅपलच्या प्लेअरमध्ये आणखी एक बारकावा आढळतो. एमपी४ मधील एच.२६५ प्रवाहावर ‘एचव्हीसी१’ किंवा ‘एचईव्ही१’ यांपैकी एक खूण असते आणि क्विकटाइम त्यांतली पहिलीच स्वीकारतो. खूण बदलणे हे रीमक्सिंगचेच काम आहे. पुन्हा एन्कोड करण्याची गरज नसते.

चित्र दिसते पण रंग धुऊन निघाल्यासारखे फिके वाटतात, तेव्हा मूळ चित्रण एचडीआर असण्याची शक्यता असते. ते सामान्य पडद्यासाठी आणताना टोन मॅपिंग करावे लागते. उभे चित्रण आडवे दिसणे हा दोष तर केवळ एका नोंदीचा आहे: फोन प्रत्यक्षात चित्र फिरवत नाही, फक्त ‘९० अंशांत फिरवून दाखवा’ असे लिहून ठेवतो आणि काही प्लेअर ते वाचत नाहीत.

== आवाज आणि चित्र यांतील अंतर ==

आवाज आणि चित्र यांचा मेळ न बसण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय भिन्न आहेत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंतर सारखेच, उदाहरणार्थ अर्धा सेकंद, राहत असेल तर आवाज तेवढा पुढे-मागे सरकवणे पुरते. अंतर वाढत जात असेल तर सरकवून उपयोग नाही. सुरुवात जुळते आणि शेवट बिघडतो, किंवा उलट.

वाढत्या अंतराचे आज सर्वांत सामान्य कारण म्हणजे फोनचा बदलता फ्रेम-दर. प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की फोन सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम टिपतो. प्लेअर वेळेच्या नोंदी पाहून हे सांभाळून घेतो, पण संपादनाच्या काही आज्ञावल्या सगळीकडे एकच दर धरून चालतात. संपादनापूर्वी फाइल स्थिर फ्रेम-दरात आणल्यास हा दोष टळतो.

कॅसेटीच्या बाबतीत कारण वेगळे असते. फितीवरील संकेत क्षणभर तुटला की संगणक ते क्षण गाळतो, आवाज मात्र नोंदला जात राहतो. त्यामुळे अंतर हळूहळू न वाढता पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर हे उपकरण जोडल्यास संकेत स्थिर होतो. नोंदणी झाल्यानंतर हा दोष दुरुस्त करणे कष्टाचे असते, कारण प्रत्येक पायरी वेगळी शोधावी लागते.

चित्र उत्तम दिसते पण आवाज अजिबात नाही, ही तक्रार बहुधा डीटीएस किंवा एसी-३ आवाज न वाचणाऱ्या टीव्हीची असते. अशा वेळी चित्र जसेच्या तसे ठेवून फक्त आवाज एएसीमध्ये बदलता येतो.

== कॅसेटींवरील चित्रण ==

भारतात पाल ही दूरचित्रवाणी प्रणाली स्वीकारली गेली. तीत एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम असतात. अमेरिकेत चालणाऱ्या एनटीएससीत ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० फ्रेम होत्या. त्यामुळे गावाकडे झालेल्या लग्नाची कॅसेट अमेरिकेतल्या मराठी कुटुंबाने तिथल्या व्हीसीआरमध्ये घातली तर चित्र गुंडाळत जाई, आणि दोन्ही प्रणाली वाचणारे यंत्र किंवा रूपांतरित प्रत मिळवावी लागे. संगणकाला हा भेद अडथळा वाटत नाही. मात्र रूपांतर करताना फ्रेम-दर २५ ऐवजी स्थिर ३० निवडला, तर आज्ञावली दर सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दाखवते आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र ठेचकाळते. मूळ दर होता तसा ठेवणे हाच येथे नियम.

पालमधील प्रत्येक फ्रेम दोन फील्डांत विभागलेली असते. एका फील्डात विषम रेषा, दुसऱ्यात सम, आणि दोहोंमध्ये १/५० सेकंदाचे अंतर. या पद्धतीला इंटरलेसिंग म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर ती खटकत नसे. संगणकाच्या पडद्यावर मात्र दोन्ही फील्ड एकदम दिसतात, आणि हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उमटतात. यावर डीइंटरलेसिंग हा उपाय आहे. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी याडिफ आणि बीडब्ल्यूडिफ हे फिल्टर आहेत, हँडब्रेकमध्येही तशी सोय आहे. प्रत्येक फील्डापासून एक पूर्ण फ्रेम तयार करून सेकंदाला ५० फ्रेम ठेवल्यास नाच, लेझीम, कुस्ती अशा वेगवान हालचाली मूळच्या इतक्याच सफाईदार दिसतात. २५ ठेवल्यास फाइल लहान होते, पण निम्मी हालचाल गळते.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. डीइंटरलेसिंग करण्याआधीच चित्राचा आकार बदलला, तर सम आणि विषम रेषा एकमेकींत मिसळतात. कंगव्याचे दात मग चित्राचाच भाग बनतात आणि नंतर कोणत्याही फिल्टरने निघत नाहीत. जुनी लग्ने ‘एचडी’ करून देण्याच्या हौसेत नेमके हेच होते. व्हीएचएसवरील चित्राची आडवी सूक्ष्मता सुमारे २४० रेषांची असते. ती १९२०×१०८० मध्ये ताणल्याने फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

फील्डांचा क्रम उलटा धरला गेल्यास चालणारा माणूस एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे असा थरथरताना दिसतो. डीव्ही स्वरूपात खालचे फील्ड आधी येते. अन्य साधनांनी घेतलेल्या चित्रात वरचे आधी असू शकते. डीइंटरलेसिंगनंतर थरथर दिसल्यास प्रथम ही सेटिंग उलटी करून पाहावी.

पसरट चेहऱ्यांचे कारण पिक्सेलच्या आकारात आहे. पाल चित्र ७२०×५७६ पिक्सेलांचे साठवले जाते, पण ते पिक्सेल चौरस नसतात. ४:३ प्रमाणातले चित्र चौरस पिक्सेलांत आणायचे तर त्याचा आकार ७६८×५७६ होतो. रुंद टीव्ही भरून दिसावा म्हणून हेच चित्र १६:९ मध्ये ताणले की नवरा-नवरी दोघेही जाड होतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देणे, हेच चित्राशी प्रामाणिक राहणे होय. व्हीएचएसच्या तळाशी दिसणारी काही रेषांची वेडीवाकडी पट्टी हा रूपांतराचा दोष नव्हे. ती व्हीसीआरच्या डोक्यांच्या अदलाबदलीमुळे उमटते आणि जुन्या टीव्हीच्या चौकटीआड झाकली जात असे.

मिनिडीव्ही कॅसेटीवर चित्रण मुळातच अंकीय असते. कॅमेरा फायरवायरने संगणकाला जोडल्यास ते जसेच्या तसे उतरते. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. तीच कॅसेट कॅमेऱ्याच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने यूएसबी साधनामार्फत घेतली तर अंकीय चित्राचे अॅनालॉग होऊन पुन्हा अंकीय होते. वायर मिळत नाही एवढ्या कारणाने हा दुसरा मार्ग निवडला जातो, तेव्हा टाळता येण्याजोगी हानी होते.

== सीडी आणि डीव्हीडी ==

व्हिडिओ सीडीवरील ‘डॅट’ शेपटाच्या फाइलीत ३५२×२८८ आकाराचे एमपेग-१ चित्र असते. त्यावर सीडीच्या विभागांचे जास्तीचे वेष्टन असल्यामुळे काही आज्ञावल्या ती ओळखत नाहीत. ते वेष्टन काढले की आतील एमपेग फाइल सरळ वापरता येते.

डीव्हीडीवर एकच कार्यक्रम सुमारे १ जीबीच्या अनेक व्हीओबी फाइलींत तोडलेला असतो. या फाइली स्वतंत्रपणे रूपांतरित करून नंतर जोडल्यास सांध्यावर आवाज तुटतो. म्हणून आज्ञावलीला सुटी व्हीओबी न देता पूर्ण ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर देतात.

== मराठी उपशीर्षके ==

देवनागरी उपशीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर एसआरटी फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात साठवलेली नसते. प्रश्नचिन्हे साठवतानाच उमटली असतील तर मूळ मजकूर पुन्हा आणावा लागतो. इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसत असल्यास मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला असतो आणि तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. तिसरा प्रकार अधिक फसवा आहे: अक्षरे ओळखू येतात, पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते आणि जोडाक्षरे सुटतात. येथे मजकूर बरोबर असून प्लेअरकडे देवनागरी जुळणीची सोय नसते. बऱ्याच टीव्हींची हीच मर्यादा असते. तेव्हा उपशीर्षके चित्रावरच कायमची उमटवणे हा खात्रीचा उपाय आहे, परंतु ती नंतर काढता वा सुधारता येत नाहीत, म्हणून उपशीर्षकांविना एक प्रत ठेवावी लागते.

== पेनड्राइव्ह ==

फाइल निर्दोष असूनही पेनड्राइव्हवर जात नाही, कारण फॅट३२ पद्धतीत एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे. समजा कॅसेट तीन तासांची, म्हणजे १०,८०० सेकंदांची आहे. चित्राचा बिटरेट सेकंदाला ४ मेगाबिट ठेवला तर फाइल ५.४ जीबी होते आणि मर्यादा ओलांडते. तो २.५ मेगाबिट ठेवून आवाजाला ०.१६ मेगाबिट दिल्यास ती साधारण ३.६ जीबीत बसते. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यास ही मर्यादा जाते, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. फाइलीचे नाव देवनागरीत असल्यास काही टीव्हींवर नावाऐवजी चौकोन दिसतात.

== अर्धवट फाइली ==

चित्रण चालू असताना बॅटरी संपली किंवा मेमरी कार्ड काढले गेले तर एमपी४ फाइलीचा आकार मोठा दिसतो, पण ती कुठेच उघडत नाही. एमपी४ मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका असते आणि कॅमेरे ती सहसा चित्रण थांबवताना लिहितात. एफएफएमपेग अशा वेळी ‘मूव्ह अॅटम’ सापडला नाही असा संदेश देतो. रूपांतरित करून ही फाइल सुधारत नाही, कारण रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीलाही तीच अनुक्रमणिका लागते. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगमध्ये घेतलेली दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनुक्रमणिका पुन्हा रचणाऱ्या वेगळ्या आज्ञावल्या आहेत. त्या कार्डावर तोपर्यंत नवे काही नोंदवू नये.

== जतन प्रत आणि वापर प्रत ==

अभिलेखागारांमध्ये जतनासाठी एक आणि पाहण्यासाठी दुसरी अशा दोन प्रती ठेवण्याची पद्धत आहे. जतन प्रतीसाठी एमकेव्ही वेष्टनातील एफएफव्ही१ हा कोडेक अनेक संस्था वापरतात. त्यात चित्राची काहीही हानी होत नाही आणि त्याचे तपशील २०२१ पासून खुल्या इंटरनेट दस्तऐवजात नोंदलेले आहेत. ही प्रत इंटरलेस्ड, ७२०×५७६ आणि न कापलेली ठेवतात. डीइंटरलेसिंग, आकारबदल आणि रंगसुधारणा वापर प्रतीवरच केली जाते, म्हणजे पुढे अधिक चांगले फिल्टर आल्यास मुळापासून काम करता येते. मिनिडीव्हीसाठी उतरवलेली डीव्ही फाइल हीच जतन प्रत असते.

विकिमीडिया कॉमन्सवर चित्रफीत चढवायची असल्यास आणखी एक रूपांतर लागते. तो प्रकल्प पेटंटमुक्त स्वरूपांचा आग्रह धरत आला आहे, त्यामुळे व्हीपी९ किंवा एव्ही१ कोडेक असलेली वेबएम फाइल तयार केली जाते. ती वापर प्रतीवरून न करता जतन प्रतीवरून केल्यास दर्जाची एक पिढी वाचते. तमाशाचा वग किंवा कीर्तन यांच्या बाबतीत कॅसेट ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे सादरीकरणाचे हक्क असतीलच असे नाही. कलावंत आणि चित्रण करणारा यांची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.